रचनाबंधाची यांत्रिक निर्मिती : जावाच्या 'आरएमआयसी' या साधनाची समीक्षा

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली हीदेखील एक लेखनकृती आहे, तिलाही घाट असतो आणि त्या घाटाची समीक्षा होऊ शकते, हे विधान आपल्याकडील वाङ्मयीन वर्तुळात अजूनही थोड्या संशयाने ऐकले जाते. संशयाला कारण नाही असे नाही. आज्ञावलीची परीक्षा सहसा एकाच प्रश्नाने होते : ती चालते की नाही? परंतु चालणाऱ्या दोन आज्ञावल्यांपैकी एक दहा वर्षे टिकते आणि दुसरी पहिल्याच बदलात कोसळते, तेव्हा 'चालते' या निकषाच्या पलीकडे जाऊन रचनेचा विचार करावा लागतो. हा विचार 'डिझाइन पॅटर्न' या नावाने १९९४ साली ग्रंथबद्ध झाला. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांच्या ग्रंथात असे २३ रचनाबंध मांडले आहेत. मराठी समीक्षेत रुळलेला 'रचनाबंध' हाच शब्द प्रस्तुत लेखात त्यासाठी वापरला आहे.

रचनाबंध एकदा नावारूपाला आला की तो यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आधी लिहिलेला क्लास साधनाच्या हाती द्यावा, कमांड लाइनवर एक ओळ टंकित करावी आणि रचनाबंधाचा कोड तयार मिळावा, अशी साधने गेल्या तीन दशकांत अनेक झाली. त्यांपैकी एकाच साधनाचा येथे विचार करावयाचा आहे. जावा या भाषेसोबत १९९७ साली, तिच्या १.१ या आवृत्तीत आलेले 'आरएमआयसी' हे ते साधन. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ व्या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. म्हणजे त्याचा जन्म, उपयोग आणि अस्त असा पूर्ण आलेख आपल्यासमोर आहे. समीक्षकाला अशी संधी क्वचितच मिळते.

साधन नेमके काय करीत असे?

एका संगणकावरील आज्ञावलीला दुसऱ्या संगणकावरील वस्तूकडून काम करवून घ्यावयाचे आहे, अशी कल्पना करू. दूरची वस्तू थेट हाती लागत नाही. म्हणून तिच्या वतीने बोलणारी एक प्रतिनिधी वस्तू जवळ ठेवली जाते. बाहेरून ती मूळ वस्तूसारखीच दिसते, तिच्याकडे तीच कामे मागता येतात. मात्र ती स्वतः काहीच करीत नाही. मागणी बांधून पलीकडे पाठविणे आणि आलेले उत्तर सोडवून हातात देणे एवढेच तिचे कार्य. चौघांच्या ग्रंथातील 'प्रॉक्सी' या रचनाबंधाचा हा 'दूरस्थ' प्रकार होय.

आरएमआयसी हे साधन नेमका हाच प्रतिनिधी निर्माण करीत असे. त्याला मूळ लेखन द्यावे लागत नसे. कंपाइल झालेल्या क्लासचे नाव पुरत असे. साधन त्या क्लासने स्वीकारलेले दूरस्थ इंटरफेस शोधी, त्यांतील प्रत्येक कार्यपद्धतीसाठी एक लहान मजकूर लिही आणि 'स्टब' हा प्रत्यय असलेला नवा क्लास तयार करी. प्रारंभीच्या आवृत्तीत त्याच्या जोडीला 'स्केलेटन' हा दुसरा क्लासही निघत असे. पलीकडच्या टोकाला बसून आलेल्या मागणीचा क्रमांक पाहायचा आणि मूळ वस्तूच्या योग्य कार्यपद्धतीला हाक मारायची, हे त्याचे काम. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीने मागणी पाठविण्याची रीत बदलली व स्केलेटनची गरज संपली.

स्टबचा मजकूर वाचण्यासारखा आहे, कारण तो अतिशय कंटाळवाणा आहे. प्रत्येक कार्यपद्धतीचा देह जवळजवळ एकसारखा : आलेली मूल्ये एका ओळीत मांडा, कार्यपद्धतीची ओळख पटविणारी संख्या जोडा, सर्व पलीकडे पाठवा, उत्तर आले की योग्य प्रकारात बदलून परत करा. शेवटी अपवादांची वाटणी. जाहीर केलेला अपवाद आला तर तो तसाच पुढे द्यायचा. न सांगितलेला आला तर त्याला 'अनपेक्षित' असे लेबल लावून द्यायचे. वीस कार्यपद्धती असतील तर हाच मजकूर वीस वेळा. कोणत्याही माणसाने हे हाताने लिहू नये. लिहिल्यास सतराव्या ठिकाणी त्याची चूक झाल्याशिवाय राहणार नाही. या अर्थाने आरएमआयसी हे अत्यंत प्रामाणिक साधन होते. ज्या लेखनात लेखकाला निर्णय घ्यावयाचाच नाही, ते लेखन त्याने आपल्याकडे घेतले.

येथे एक बाब नोंदवावीशी वाटते. हे साधन आधी स्टबचा जावा भाषेतील मजकूर तयार करी, तो कंपाइल करी आणि नंतर तो मजकूर पुसून टाकी. तो ठेवावयाचा असल्यास 'कीप' हा पर्याय आवर्जून द्यावा लागे. म्हणजे स्वतःचे हस्ताक्षर लपविणे हा या साधनाचा मूळ स्वभाव होता. व्यावसायिकाला त्यात सोय होती. विद्यार्थ्याचे मात्र त्यात नुकसान झाले. प्रस्तुत लेखकाने प्रात्यक्षिकाच्या तासांना अनेक वर्षे पाहिलेले दृश्य असे : क्लास कंपाइल करणे, आरएमआयसी चालविणे, नोंदवही सुरू करणे, सर्व्हर सुरू करणे, क्लायंट सुरू करणे, ही पाच पावले विद्यार्थी न चुकता म्हणून दाखवीत. दुसऱ्या पावलाला काय घडले, असे तोंडी परीक्षेत विचारले की उत्तर येई, "सर, स्टब तयार झाला." स्टबमध्ये काय आहे, याचे उत्तर बहुधा येत नसे, कारण स्टब कोणी पाहिलेलाच नसे. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. आम्ही अध्यापकांनी तो एक पर्याय प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहून दिला नव्हता.

वकील आणि स्टब

चौघांच्या ग्रंथात अशी नोंद आहे की, जेम्स कोप्लिएन यांनी या दूरस्थ प्रतिनिधीला 'राजदूत' असे नाव दिले होते. मराठी वाचकाला या नावाने दिल्ली दरबारातील पेशव्यांचे वकील हिंगणे आठवल्यास नवल नाही. धन्याच्या वतीने बोलणारा, धन्याच्या नावाने करार करणारा, दूर राहणारा माणूस म्हणजे वकील. उपमा आकर्षक आहे. पण ती जेथे तुटते तेथेच ती जास्त उपयोगी पडते. पुण्याहून पत्र येण्यास विलंब होई, वाटेत ते हरवे, पोहोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असे. अशा वेळी काय करावयाचे, हे ठरविण्याच्या कौशल्यावर वकिलाची किंमत ठरत असे. पत्र पोहोचले की ते वाचून दाखविणे हे काम कोणत्याही जासुदाला करता आले असते. साधनाने निर्माण केलेला स्टब हा असा जासूद आहे. वाट बंद झाली तर तो 'वाट बंद आहे' एवढेच सांगतो.

यात त्याचा दोष आहे काय? माझ्या मते नाही. उलट ही त्याच्या रचनाकारांची सर्वांत मोठी शहाणीव आहे. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलराथ आणि सॅम केंडाल यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू यांत फरकच नाही असे भासविणारी प्रणाली मुळातच चुकीची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विलंब, स्मृतीचा वापर, एकसमयी चालणारी कामे आणि अंशतः होणारा बिघाड या चार बाबतींत दोन्हींमध्ये असलेला भेद कितीही चतुर कोड लिहून पुसता येत नाही. यांपैकी अंशतः होणारा बिघाड सर्वांत कठीण : पाठविलेली मागणी पोहोचली नाही, की पोहोचून काम झाले पण उत्तर वाटेत हरवले, हे अलीकडच्याला कळण्याचा मार्ग नसतो. पैसे वजा करण्याची मागणी अशा रीतीने अधांतरी राहिली तर ती पुन्हा पाठवावी की पाठवू नये?

वोलराथ आणि वाल्डो यांचा जावाच्या दूरस्थ प्रणालीच्या घडणीत प्रत्यक्ष सहभाग होता आणि त्यांच्या या भूमिकेची खूण प्रणालीत स्पष्ट दिसते. दूरस्थ इंटरफेसमधील प्रत्येक कार्यपद्धतीने 'रिमोट एक्सेप्शन' हा अपवाद जाहीर केलाच पाहिजे, असा नियम आहे. तो जाहीर केला नाही तर आरएमआयसी स्टब निर्माण करण्यास नकार देई. अनेक विद्यार्थ्यांना (आणि खरे सांगायचे तर काही अध्यापकांनाही) हा नियम जाचक वाटे. तो टाळण्यासाठी अपवाद पकडून कंसात काहीही न लिहिता सोडून देण्याची प्रथा पडली. रिकामा कंस! ज्या ठिकाणी वकिलाने बुद्धी चालवावयाची, नेमके तेच स्थान कोरे. साधनाने ते स्थान निर्माण केले होते, ते भरण्याची जबाबदारी मात्र मुद्दाम माणसावर सोडली होती. हा नकार आणि ही सोडलेली जागा मला त्या साधनाच्या निर्मितिक्षमतेपेक्षा अधिक मोलाची वाटते.

तथापि सर्वच ठिकाणी त्याने असा संयम पाळला असे म्हणता येणार नाही. एक बदल ते अगदी गुपचूप करून टाकी. एकाच यंत्रावर एखादी वस्तू कार्यपद्धतीला दिली की तिचा निर्देश जातो. पलीकडे तिच्यात केलेला बदल अलीकडेही दिसतो. दूरस्थ मागणीत मात्र, दिलेली वस्तू स्वतः दूरस्थ प्रकारची नसेल तर, तिची प्रत जाते. पलीकडे प्रतीत केलेला बदल प्रतीतच राहतो. हाक मारण्याची ओळ दोन्ही ठिकाणी अक्षरशः सारखी, अर्थ मात्र वेगळा. विद्यार्थी यादी पाठवितो, पलीकडे ती क्रमाने लावून घेतो आणि अलीकडे ती विस्कटलेलीच सापडल्यावर यंत्राला दोष देतो. घाट तोच ठेवून आशय बदलण्याचा हा प्रकार आहे आणि घाटावरून आशयाचा अंदाज बांधण्याची सवय लागलेल्या वाचकाला तो फसवितो.

दुसरी गोष्ट परिमाणाची. विद्यार्थ्याच्या माहितीचा एक क्लास घ्या. नाव, हजेरी क्रमांक, पत्ता, गुण अशी प्रत्येक माहिती देणारी वेगळी कार्यपद्धती त्यात असते. एका यंत्रावर ही उत्तम रचना. तिचाच इंटरफेस दूरस्थ केला की साधन बिनतक्रार स्टब काढून देते आणि एका विद्यार्थ्याची नोंद पडद्यावर आणण्यासाठी जाळ्यावरून तितक्या फेऱ्या होतात. वर्गात साठ विद्यार्थी असतील तर हिशेब वाचकाने करावा. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात, शक्यतो वस्तू दूरवर विखरूच नका, असा पहिला नियम सांगितला आणि विखरावयाच्याच असतील तर अनेक लहान मागण्या एका मोठ्या मागणीत बांधणारे निराळे दर्शनी रूप रचा, असे सुचविले. आहे त्या क्लासवरून रचनाबंध काढणारे कोणतेही साधन हा सल्ला देऊ शकत नाही. तो मानावयाचा तर आहे तो क्लासच प्रश्नांकित करावा लागतो आणि साधनाचे सारे गृहीतक 'क्लास योग्य आहे' हे असते.

तेरापैकी एक

चौघांच्या ग्रंथातील प्रत्येक रचनाबंधाचे वर्णन तेरा उपशीर्षकांखाली केलेले आहे. हेतू, प्रेरणा, केव्हा वापरावा, घटक, त्यांचे परस्परसहकार्य, परिणाम, संबंधित रचनाबंध इत्यादी. नमुना कोड हे त्यांतील केवळ एक उपशीर्षक. यांत्रिक निर्मिती याच एका उपशीर्षकाची होते आणि तेही काही अटींवर. चौदा ओळी मोजून लिहिल्या म्हणून जसे सुनीत होत नाही, तसेच हे आहे.

ही मर्यादा ग्रंथकारांना ठाऊक नव्हती असे नव्हे. व्लिसिडीस हे स्वतः १९९६ साली फ्रँक बुडिन्स्की व अन्य दोघांसह आयबीएमच्या नियतकालिकात रचनाबंधांवरून आपोआप कोड निर्माण करणाऱ्या साधनाविषयीचा लेख लिहितात. या साधनात रचनाबंधाचे पूर्ण विवेचन आणि कोड निर्माण करण्याची सोय एकत्र होती. वापरकर्त्याने घटकांची नावे द्यावयाची, पर्याय निवडावयाचे, मग कोड मिळावयाचा. निवडीच्या आधी विवेचन समोर येते, ही त्यातील जमेची बाजू. परंतु निर्माण झालेल्या कोडमध्ये माणसाने हाताने बदल केले आणि नंतर पर्याय बदलून पुन्हा निर्मिती केली तर हातचे बदल कसे सांभाळायचे, हा पेच तेथेही उभा राहिला. आरएमआयसीला हा पेच कधीच पडला नाही, कारण त्याच्या लेखनात हात घालण्याची कोणाला गरज नव्हती. यांत्रिक निर्मितीस योग्य रचनाबंध कोणता, याची कसोटी मला येथे सापडते : ज्याचा निर्माण झालेला मजकूर पुन्हा उघडावा लागत नाही तो.

पण ही कसोटी मान्य केली की पुढचा प्रश्न अटळ आहे. जो मजकूर कोणी उघडत नाही, तो लिहून तरी का ठेवावा? पीटर नॉरविग यांनी १९९६ सालीच दाखवून दिले होते की, लिस्प किंवा डिलन यांसारख्या भाषांत २३ पैकी १६ रचनाबंध एकतर अगदी सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. त्या सोळांत प्रॉक्सीही आहे. जावाचा प्रवास याच दिशेने झाला. २००० साली आलेल्या १.३ या आवृत्तीने आज्ञावली चालू असतानाच प्रतिनिधी क्लास घडविण्याची सोय दिली. २००४ च्या ५.० या आवृत्तीत, तयार स्टब सापडला नाही तर दूरस्थ प्रणाली तो स्वतःच घडवू लागली. आरएमआयसीची गरज केवळ जुन्या आवृत्तीवरील क्लायंटांपुरती उरली. २०१४ मध्ये ८ व्या आवृत्तीने आधी तयार करून ठेवलेले स्टब कालबाह्य ठरविले, २०१९ मध्ये १३ व्या आवृत्तीने साधन काढून टाकण्याची सूचना दिली आणि पुढील वर्षी ते गेले. दूरस्थ प्रणाली मात्र कायम आहे. साधन अयशस्वी झाले म्हणून गेले असे नाही. त्याचे काम भाषेच्या पोटात गेले. फक्त 'कीप' हा पर्यायही त्याच्यासोबत गेला, याची खंत वाटते. पूर्वी स्टब निदान मागितल्यास दिसत असे.

मूळ पुरुषाची साक्ष

रचनाबंध ही संकल्पना संगणकशास्त्राची नाही; ती वास्तुशास्त्रातून आलेली आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या लेखनावरून केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ साली ती आज्ञावलीलेखनात आणली. अलेक्झांडर यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९६४ चा. त्याच्या परिशिष्टात त्यांनी एक विस्तृत उदाहरण सोडविले आहे आणि ते उदाहरण भारतीय खेड्याचे आहे. सहाशे वस्तीच्या शेतीप्रधान खेड्याची पुनर्रचना करावयाची; त्यासाठी पाण्यापासून जातिव्यवस्थेपर्यंत १४१ गरजांची यादी; कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे याची जोडवार नोंद; मग त्या जाळ्याचे कमीत कमी धागे तुटतील असे तुकडे संगणकाकडून पाडून घेणे; प्रत्येक तुकड्यासाठी एक आकृती आणि शेवटी सर्व आकृतींची जुळणी. ज्यांच्या नावाने आपण रचनाबंधाची चर्चा करतो, त्यांनी प्रारंभ यांत्रिक निर्मितीनेच केला होता, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

पुढे काय झाले? १९७१ च्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत अलेक्झांडर यांनी स्पष्ट केले की, त्या ग्रंथातील मोलाची गोष्ट म्हणजे त्या लहान आकृती. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी उभारलेल्या पद्धतीची आवश्यकता नाही आणि पद्धतीचा पद्धत म्हणून अभ्यास करणे आपल्याला अमान्य आहे. या आकृतींनाच पुढे 'पॅटर्न' हे नाव मिळाले. १९९६ मध्ये आज्ञावलीकारांच्या परिषदेत त्यांना निमंत्रित करण्यात आले, तेव्हा त्यांनी सौम्य शब्दांत पण थेट विचारले की, तुमच्या रचनाबंधांनी आज्ञावल्या खरोखर अधिक चांगल्या झाल्या काय? चांगल्या कल्पनांची देवाणघेवाण करण्याचे एक सोयीचे स्वरूप म्हणून तुम्ही ते वापरता. माणसांचे जगणे त्यामुळे अधिक चांगले व्हावे ही नैतिक बाजू मला तुमच्याकडे दिसत नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. आज्ञावलीकारांनी टाळ्या वाजविल्या. प्रश्नाचे उत्तर मात्र आजतागायत नीट दिले गेलेले नाही.

प्रात्यक्षिकाच्या वहीपुरते

हा सारा ऊहापोह एका मृत साधनासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आता साध्या भाषेत मागणी केली तरी कोणत्याही क्लासवरून कोणताही रचनाबंध लिहून देणारी भाषिक प्रारूपे विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. आरएमआयसीला एकच रचनाबंध येत होता आणि नियम मोडला तर ते नकार देत असे. नव्या साधनांना तेवीसच्या तेवीस येतात आणि नकार देणे त्यांच्या स्वभावात फारसे नाही. क्लासला प्रॉक्सी हवाच का, असे न विचारता ती प्रॉक्सी देतात. निर्माण झालेला मजकूर पुन्हा उघडावा लागू नये, ही वर सांगितलेली कसोटी त्यांना लावली तर ती टिकत नाहीत, कारण त्यांचे लेखन प्रत्येक वेळी उघडून वाचावेच लागते. वाचण्याची सवय मात्र आपण लावलेली नाही.

आजही काही प्रात्यक्षिकांच्या वह्यांत 'पायरी २ : आरएमआयसी चालवा' असे छापलेले आढळते. जावाच्या नव्या आवृत्तीवर ती आज्ञा दिली की अशी आज्ञाच अस्तित्वात नाही, असे उत्तर येते आणि मग जुनी आवृत्ती शोधून बसविण्यात अर्धा तास जातो. त्याऐवजी गेली दोन वर्षे प्रस्तुत लेखक त्या पायरीच्या जागी दुसरे काम देतो. दोनच कार्यपद्धती असलेल्या क्लासचा स्टब विद्यार्थ्याने हाताने लिहावयाचा. तो चालला की दुसरी मागणी पलीकडे पोहोचल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी जाळ्याची तार काढावयाची. कंसात काय लिहिलेस, ते मग वहीत लिही. पहिल्या वर्षी साठांपैकी बहुतेकांचा कंस रिकामा होता. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते की, काम झाले की नाही हे मला इथून कळू शकत नाही, म्हणून मी आधी विचारीन आणि मगच पुन्हा पाठवीन.